उंदराची स्मृती आणि वर्तनाची साक्ष : नागपूर येथील कार्ट पेप्टाइडविषयक संशोधनाचा परामर्श

प्रस्तावना

स्मृती ही प्रत्यक्ष दिसत नाही. रक्तातील साखर किंवा स्नायूचा ताण ज्या अर्थाने मोजता येतो त्या अर्थाने ती मोजताही येत नाही. माणसाच्या बाबतीत ‘तुम्हाला हे आठवते का?’ असे विचारण्याची सोय असते. उंदराच्या बाबतीत तीही नाही. उंदीर काय करतो हे पाहायचे आणि त्यावरून त्याला काय आठवत असावे याचे अनुमान करायचे, एवढाच मार्ग संशोधकापुढे उरतो. स्मृतीवरील प्राणिसंशोधनाची सारी प्रतिष्ठा या एका अनुमानावर उभी आहे. हे अनुमान सैल झाले, तर पुढची रसायने, विकरे, जनुके यांची कितीही काटेकोर मोजमापे केली तरी ती नेमकी कशाची, हा प्रश्न शिल्लक राहतो.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या औषधनिर्माणशास्त्र विभागात डॉ. निशिकांत सुभेदार, डॉ. दादासाहेब कोकरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदराच्या मेंदूतील पेप्टाइडे व वर्तन यांच्या संबंधावर दीर्घकाळ काम केले आहे. त्यातील ‘कार्ट’ या पेप्टाइडाच्या स्मृतिविषयक कार्यावरील अभ्यास २०१६ मध्ये ‘हिप्पोकॅम्पस’ या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. या अभ्यासाच्या आधारे वर्तनापासून स्मृतीपर्यंतचे अनुमान कसे बांधले जाते, त्याचे बळ कोठे आहे आणि ते कोठे थांबते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

माशाच्या मेंदूपासून उंदराच्या मेंदूपर्यंत

या संशोधनाची पूर्वपीठिका लक्षात घेण्याजोगी आहे. डॉ. सुभेदार यांची मूळ दृष्टी प्राणिशास्त्रज्ञाची. नागपूर येथे त्यांनी व त्यांच्या विद्यार्थ्यांनी मांगूर, टिलापिया यांसारख्या माशांच्या मेंदूत निरनिराळी पेप्टाइडे कोणकोणत्या भागांत आढळतात याचे नकाशे तयार केले. मेंदूचे पातळ काप घ्यायचे, विशिष्ट पेप्टाइडाला चिकटणाऱ्या प्रतिपिंडाने ते रंगवायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली रंगलेल्या पेशी व तंतू यांची नोंद करायची, असे हे चिकाटीचे काम. एखादा पदार्थ मेंदूत कोठे आहे हे कळल्याशिवाय तो काय करतो हा प्रश्न नीट विचारताच येत नाही, ही या परंपरेची शिकवण.

औषधनिर्माणशास्त्राची परंपरा निराळी. तेथे प्रश्न असतो तो पदार्थ दिल्यावर काय घडते हा. नागपुरात या दोन परंपरा एकत्र आल्या. २००५ मध्ये ‘ब्रेन रिसर्च’ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कोकरे, सुभेदार, डॉ. सी. टी. चोपडे व सहकाऱ्यांनी ॲमिग्डला या भागात न्यूरोपेप्टाइड-वाय आणि अल्फा-एमएसएच ही दोन पेप्टाइडे मिळून उंदरांच्या चिंताग्रस्ततेचे नियमन करतात असे दाखविले. २००९ मध्ये ‘न्यूरोसायकोफार्माकॉलॉजी’ मध्ये कार्ट आणि नैराश्यसदृश वर्तन यांच्या संबंधावरील अभ्यास आला. डॉ. सुभेदार पुढे पुण्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत, म्हणजे आयसरमध्ये गेले. परंतु नागपूरशी सहकार्य चालू राहिले. स्मृतीवरील २०१६ च्या निबंधात दोन्ही शहरांतील संशोधकांची नावे आहेत.

या गटाच्या कामातील एक छोटी बाब महाविद्यालयीन अध्यापकांना विशेष जवळची वाटेल. उंदराने खटका दाबताच त्याच्या मेंदूतील सुखकेंद्राला सौम्य विद्युत्‌-उद्दीपन मिळावे, अशी एक प्रसिद्ध प्रयोगपद्धती आहे. १९५४ मध्ये ओल्ड्स आणि मिल्नर यांनी ती कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात शोधली. त्यासाठी लागणारे सूक्ष्म विद्युदग्र परदेशातून मागविणे खर्चिक. नागपूरच्या गटाने ते प्रयोगशाळेतच साध्या व स्वस्त रीतीने कसे बनवावेत याची पद्धत २०१४ मध्ये एका औषधशास्त्रीय नियतकालिकात स्वतंत्र निबंध म्हणून प्रसिद्ध केली. उपकरणाच्या अभावाची सबब न सांगता त्या अभावातूनच एक प्रकाशनयोग्य पद्धत निर्माण करणे, ही राज्य विद्यापीठातील संशोधनाची दुर्लक्षित राहणारी बाजू आहे.

कार्ट म्हणजे काय?

‘कार्ट’ हे ‘कोकेन ॲण्ड ॲम्फेटामिन रेग्युलेटेड ट्रान्सक्रिप्ट’ या लांबलचक नावाचे लघुरूप. १९९५ मध्ये डग्लस आणि सहकाऱ्यांना असे आढळले, की उंदरांना कोकेन किंवा ॲम्फेटामिन दिल्यास मेंदूच्या स्ट्रायेटम या भागात एका विशिष्ट आरएनएचे प्रमाण वाढते. त्या आरएनएवरून तयार होणारे पेप्टाइड ते हेच. म्हणजे त्याचे बारसे व्यसनाच्या संदर्भात झाले. १९९८ मध्ये हे पेप्टाइड भूक कमी करते असे ‘नेचर’ मध्ये प्रसिद्ध झाले आणि संशोधकांचे लक्ष लठ्ठपणाकडे वळले. त्यानंतर ताण, नैराश्य, वेदना अशा अनेक विषयांत ते डोकावत राहिले. मेंदूच्या बाह्यकात व हिप्पोकॅम्पसमध्ये ते आढळत असूनही स्मृतीसारख्या उच्च कार्यांतील त्याच्या सहभागाकडे मात्र फारसे कोणी पाहिले नव्हते. नागपूरच्या अभ्यासाने हीच रिकामी जागा हेरली.

हिप्पोकॅम्पसचे महत्त्व येथे थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. समुद्री घोड्याच्या आकाराशी साम्य असल्यामुळे हे नाव मिळालेल्या या भागाची कीर्ती एका रुग्णामुळे झाली. हेन्री मोलेसन यांच्यावर १९५३ मध्ये अपस्माराच्या उपचारार्थ शस्त्रक्रिया होऊन दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा मोठा भाग काढण्यात आला. त्यानंतर त्यांना नव्या घटना लक्षात ठेवता येईनात; स्कोव्हिल आणि मिल्नर यांनी १९५७ मध्ये हे प्रसिद्ध केले. परंतु आरशात पाहून आकृती रेखाटण्याचे कौशल्य मोलेसन दिवसागणिक सुधारत गेले, आणि दरवेळी हा प्रकार आपण पहिल्यांदाच करीत आहोत अशी त्यांची समजूत असे. म्हणजे प्रत्यक्ष माणसातही वाणीची साक्ष एक सांगते आणि हाताची साक्ष दुसरे. ‘वर्तन म्हणजे स्मृती’ असे सरधोपट समीकरण का मांडता येत नाही, हे या उदाहरणावरून उमगते.

नव्या वस्तूची ओढ

नागपूरच्या अभ्यासात वापरलेली कसोटी एनसूर आणि डेलाकूर या फ्रान्समधील संशोधकांनी १९८८ मध्ये मांडली. तिचे तत्त्व साधे आहे. उंदीर स्वभावतःच चौकस असतो. परिचित वस्तूपेक्षा अपरिचित वस्तू तो अधिक वेळ हुंगतो. एका मोकळ्या पेटीत दोन एकसारख्या वस्तू ठेवून उंदराला काही मिनिटे फिरू द्यावे. नंतर ठरावीक काळाने त्याला पुन्हा त्याच पेटीत सोडावे; मात्र आता एक वस्तू जुनी आणि दुसरी नवी. उंदराचे नाक कोणत्या वस्तूजवळ किती सेकंद होते याची नोंद करावी. नवीला अधिक वेळ मिळाला, तर जुनी त्याला ओळखीची वाटली असे म्हणता येते. उदाहरणादाखल, नवीजवळ २० सेकंद आणि जुनीजवळ १० सेकंद असतील, तर दोहोंतील फरकाला एकूण वेळेने भागून ०.३३ हा निर्देशांक येतो. दोन्ही वेळा समान असल्यास तो शून्य येतो.

या कसोटीत उपासमार नाही, विजेचा धक्का नाही, बक्षीस नाही. म्हणून ती प्राण्याला कमी क्लेशकारक आहे आणि शिक्षा किंवा भूक यांचा प्रभाव निकालात मिसळत नाही. पण ती दिसते तितकी सोपी मात्र नाही. आधीच्या उंदराचा वास वस्तूवर राहिला तर नंतरचा उंदीर वस्तू नव्हे, वास हुंगतो. म्हणून प्रत्येक वेळी वस्तू पुसावी लागते. डावी-उजवी जागा आलटून पालटून ठेवावी लागते, कारण काही उंदरांना एकाच कोपऱ्याची सवय लागते. दोनपैकी एक वस्तू मुळातच अधिक आकर्षक असेल तर सारा प्रयोगच वाया. उंदीर निशाचर असल्याने प्रकाशाचे वेळापत्रक पाळावे लागते, आणि मे महिन्यात ४५ अंशांपलीकडे जाणाऱ्या नागपुरात प्राणिगृहाचे तापमान स्थिर ठेवणे ही काही गौण बाब नव्हे. उकाड्याने मरगळलेला उंदीर नवे काय आणि जुने काय, कशाचीच चौकशी करणार नाही.

अभ्यासात परिचयानंतर दोन वेळा निवडीची चाचणी घेण्यात आली : ३० मिनिटांनी आणि २४ तासांनी. उपचार न दिलेले उंदीर ३० मिनिटांनी नवी वस्तू बरोबर ओळखत. २४ तासांनी मात्र त्यांना दोहोंत फरक करता येत नसे. हे विस्मरण रोग नव्हे. अल्पकाळ पाहिलेली, उपयोगाची नसलेली वस्तू दुसऱ्या दिवशी विसरणे हे निरोगी मेंदूचे लक्षण मानायला हरकत नाही. ज्या उंदरांना सूक्ष्म नळीद्वारे मेंदूत कार्ट देण्यात आले त्यांनी २४ तासांनंतरही नवी वस्तू वेगळी ओळखली. उलट, मेंदूतील मूळचे कार्ट प्रतिपिंडाने निष्प्रभ केल्यास ओळखण्याची क्षमता उणावली.

साक्षीची उलटतपासणी

या दोन निष्कर्षांचे तार्किक वजन सारखे नाही, ही गोष्ट बहुधा नजरेतून निसटते. उंदराने नवी वस्तू अधिक हुंगली, तर जुनीची काही खूण त्याच्याजवळ होती असे मानावेच लागते. कारण ती खूण नसती तर दोन्ही वस्तू त्याला सारख्याच नव्या वाटल्या असत्या. परंतु त्याने दोन्ही सारख्याच हुंगल्या, तर त्यावरून विस्मरण सिद्ध होत नाही. तो विसरला असेल, किंवा त्याला आठवत असूनही चौकशीची इच्छा नसेल. तो घाबरलेला असेल, गुंगलेला असेल. होकारार्थी साक्ष बरेच काही सांगते, नकारार्थी साक्ष फार थोडे. त्यामुळे कार्ट दिल्यावर २४ तासांनंतर दिसलेली ओळख हा या अभ्यासाचा सबळ भाग, तर प्रतिपिंडामुळे आलेली उणीव हा त्याला पूरक, पण स्वतंत्रपणे दुबळा भाग होय.

सबळ भागावरही एक आक्षेप उरतो, आणि तो याच गटाच्या इतर कामातून उद्भवतो. २०१२ मध्ये ‘न्यूरोफार्माकॉलॉजी’ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासानुसार कार्ट हे न्यूक्लियस ॲक्युम्बन्स या भागात मॉर्फीनच्या सुखद परिणामात सहभागी असते. म्हणजे ते सुखाच्या ओढीशी निगडित आहे. मग असे तर नसेल, की कार्टमुळे नाविन्याची ओढच तीव्र झाली आणि एरवी क्षीण असलेली, वर्तनात न उमटणारी खूण वर्तनात उमटली? तसे असल्यास कार्टने स्मृती बळकट केली असे म्हणता येणार नाही. स्मृतीचे प्रकटीकरण बळकट केले एवढेच म्हणता येईल.

अशा आक्षेपाला उत्तर देण्याचा जुना मार्ग औषधाच्या वेळेत आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स मॅकगॉ यांनी तो रूढ केला. औषध शिकण्यापूर्वी दिले तर ते लक्ष, जागरूकता, हालचाल यांवरही परिणाम करील; शिकणे संपल्यावर लगेच दिले तर शिकतानाच्या वर्तनावर परिणाम होणे शक्य नाही, आणि तरीही दुसऱ्या दिवशी फरक दिसला तर तो साठवणुकीतच घडला असला पाहिजे. चाचणीपूर्वी दिले तर तो आठवण्याच्या क्रियेत. एकाच पदार्थाला या तीन वेळांत विभागून पाहणे ही स्मृतिसंशोधनातील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत प्रभावी युक्ती आहे. तिला महागडे यंत्र लागत नाही, अधिक प्राणी व अधिक धीर मात्र लागतो.

दुसरा मार्ग पेशीच्या आत जातो, आणि नागपूरच्या अभ्यासाने तो धरला. हिप्पोकॅम्पसमधील चेतापेशींच्या संधींवर एनएमडीए नावाचे ग्राही असतात. त्यांतून कॅल्शियमचे आयन आत शिरले, की विकरांची एक साखळी कार्यान्वित होते. त्या साखळीतील एक प्रमुख दुवा म्हणजे ‘अर्क’ हे विकर. त्याला फॉस्फेटचे गट जोडले गेले की ते सक्रिय होते, त्याचा संकेत केंद्रकापर्यंत पोचतो आणि नवी प्रथिने तयार करणारी जनुके जागी होतात. अल्पकालीन खूण दीर्घकालीन होण्यासाठी नवी प्रथिने लागतात, हे अनेक प्राण्यांवरील प्रयोगांतून प्रस्थापित झाले आहे. नागपूर-पुणे गटाने असे दाखविले, की एनएमडीए ग्राही किंवा अर्कची साखळी रसायनांनी रोखल्यास कार्टचा स्मृतिवर्धक परिणाम ओसरतो. हा पुरावा थेट नाही. परंतु कार्टचे कार्य ज्या मार्गाने होते तो मार्ग साठवणुकीचा म्हणून आधीच परिचित असल्यामुळे ‘केवळ ओढ वाढली’ या पर्यायी स्पष्टीकरणाची शक्यता बरीच कमी होते. नाहीशी होत नाही. सुखाच्या वाटेतही हीच विकरे वावरतात, हे याच विभागाच्या २०१८ मधील कामावरून दिसते.

एकाच वर्तनाचे दोन अर्थ

नैराश्याच्या अभ्यासातही हीच अडचण अधिक उघडपणे दिसते. १९७७ मध्ये पोर्सोल्ट यांनी सुचविलेल्या चाचणीत उंदराला पाण्याच्या उभट भांड्यात सोडतात. तो काही वेळ सुटण्याची धडपड करतो आणि मग स्थिर तरंगत राहतो. हे स्थिर राहणे म्हणजे हताशा, असा रूढ अर्थ. तथापि अनेक संशोधकांनी आक्षेप घेतला आहे, की दुसऱ्या दिवशी लवकर स्थिर होणारा उंदीर हताश नसून शहाणा झालेला असतो. सुटका नाही हे त्याला आठवते आणि तो शक्ती वाचवितो. तेच वर्तन, तीच सेकंदे. एका वाचनात तो आजार आणि दुसऱ्या वाचनात स्मृती. २००९ च्या नागपूर अभ्यासाचे महत्त्व असे, की तो केवळ औषधाच्या परिणामावर विसंबला नाही. एकांतवासात वाढविलेले आणि घ्राणकंद काढलेले, अशा दोन भिन्न रीतींनी नैराश्यसदृश अवस्था निर्माण केलेले उंदीर घेऊन त्यांच्या मेंदूतील कार्टचे वितरणही तपासले गेले. एका चाचणीची संदिग्धता दुसऱ्या प्रकारच्या पुराव्याने कमी करायची, ही रीत येथेही दिसते.

भीतीचा अभ्यास याच मालिकेतला. मांजराला कधीच न पाहिलेला प्रयोगशाळेतील उंदीरही भक्षकाच्या वासाने गोठून उभा राहतो. ही भीती शिकलेली नाही, जन्मजात आहे. ॲमिग्डलाच्या मध्यवर्ती केंद्रकाशी निगडित जाळ्यात कार्ट या जन्मजात भीतीच्या अभिव्यक्तीचे नियमन करते, असे या गटाने पुढे दाखविले. स्मृतीच्या अभ्यासकाला याचा उपयोग असा, की भीतीचे जे वर्तन तो ‘आठवण’ म्हणून मोजतो त्यात आठवणीचा नसलेला अंशही असू शकतो.

नागपूर परिसरात हे काम एकाच विभागापुरते मर्यादित नाही. कामठी येथील श्रीमती किशोरीताई भोयर औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयात ॲग्मॅटिन या पदार्थावर संशोधन चालते. आर्जिनीन या अमिनो आम्लापासून होणारा हा पदार्थ कोसेल यांनी १९१० मध्ये शोधला. सस्तन प्राण्यांच्या मेंदूत तो असल्याचे १९९४ मध्ये कळले. अल्झायमरच्या प्रतिरूप उंदरांत ॲग्मॅटिनमुळे नैराश्यसदृश वर्तन आणि हिप्पोकॅम्पसमधील दाह कमी होतो, असा या गटाचा निबंध २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. संलग्नित महाविद्यालयातून असे काम होऊ शकते, याची नोंद घ्यायला हवी.

उपचाराच्या दिशेने, आणि अलीकडेच थांबून

निरोगी उंदीर २४ तासांऐवजी अधिक काळ एखादी वस्तू लक्षात ठेवतो, यावरून स्मृतिभ्रंशाचे औषध सापडले असे म्हणणे हा अविवेक होय. गटानेही तसे म्हटलेले नाही. पुढचे पाऊल म्हणून त्यांनी २०१८ मध्ये ‘न्यूरोसायन्स’ मध्ये वेगळा प्रश्न विचारला : एमके-८०१ या रसायनाने एनएमडीए ग्राही रोखून ज्यांची आकलनशक्ती बिघडविली आहे अशा उंदरांत, म्हणजे छिन्नमनस्कतेतील बौद्धिक ऱ्हासाच्या एका प्रतिरूपात, कार्ट उपयोगी पडते का? उत्तर होकारार्थी आले. तरीही मोठी अडचण आहे ती पेप्टाइड पोचविण्याची. पोटात घेतलेले पेप्टाइड पचून जाते आणि रक्तातले मेंदूपर्यंत सहज पोचत नाही. प्रयोगातील उंदराप्रमाणे माणसाच्या कवटीत नळी बसविता येत नाही. शिवाय भूक, सुख, भीती आणि स्मृती या चारही ठिकाणी हात असलेला पदार्थ दिल्यास चारही ठिकाणी काही ना काही घडेल.

प्राण्यांविषयीची जबाबदारी येथे ओघाने येते. प्राणिक्रौर्य प्रतिबंधक कायदा १९६० चा. प्रयोगांच्या नियमनाचे नियम १९९८ चे. त्यांनुसार प्रत्येक संस्थेत प्राणिनीती समितीची पूर्वसंमती आवश्यक असते. रसेल आणि बर्च यांनी १९५९ मध्ये मांडलेले प्राण्यांची संख्या कमी करण्याचे तत्त्व सर्वमान्य आहे. पण ज्या कसोटीचा अर्थ संदिग्ध आहे तिच्यावर कमी प्राणी वापरले म्हणून ते प्रयोग नैतिक ठरतात असे नाही; उत्तर न देणारा प्रयोग एका प्राण्यावर केला तरी तो प्राणी व्यर्थ गेला. प्रयोगाची तार्किक मांडणी हा म्हणूनच नीतीचाही प्रश्न आहे. आणखी एक बाब : या क्षेत्रात दीर्घकाळ बहुतांशी नर उंदीरच वापरले गेले, आणि मादीची स्मृती तशीच चालते हे गृहीत धरले गेले.

कार्टपुरता सर्वांत मूलभूत प्रश्न तर अजून मिटलेलाच नाही. पेप्टाइड काम करते म्हणजे पेशीच्या पृष्ठावरील कोणत्या तरी ग्राहीला ते चिकटते. कार्ट सापडल्यानंतर सुमारे पाव शतक तो ग्राही ओळखता आला नाही. २०२० मध्ये वेदनेवरील एका अमेरिकन अभ्यासाने जीपीआर-१६० हा तो ग्राही असल्याचे मांडले. नंतर इतर प्रयोगशाळांना कार्ट त्याला चिकटत असल्याचे आढळले नाही आणि वाद उभा राहिला. नागपूरच्या अभ्यासाने कार्टपासून अर्कपर्यंतची वाट दाखविली. त्या वाटेचे पहिले दार कोणते, हे ठरल्यावर तेवढाच ग्राही फक्त हिप्पोकॅम्पसमध्ये, फक्त शिकण्यानंतरच्या काही तासांत बंद करून पाहता येईल. ओढ आणि आठवण यांना वेगळे करणारा प्रयोग तोच असेल.